काचेची तार

"बटणाला हात लावू नकोस, बाय. देवापुढचा दिवा आणि हा माईक, दोन्ही आपल्या हातानं विझवायचे नसतात."

बाबा हे बोलले तेव्हा मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बेलाची पानं निवडत बसले होते. इनास डिसोझा चपला पायरीखाली काढून सभामंडपाच्या खांबाशी उकिडवा बसला होता आणि एका चपट्या डबीत काचेच्या तारेचं टोक बसवत होता. डबीला तांबडं बटण होतं. दुपारी आरती नसते, तेवढा वेळ हे बंद ठेवलं तर वीज वाचेल का, एवढंच मी विचारलं होतं.

"वीज वाचवायची तर घरातला पंखा बंद कर," बाबा म्हणाले. "खाली त्या बायकांचा देव या तारेवर आहे."

इनास हसला. "गुरवकाका, तुमचा देव आता उजेडातून जाणार. तांब्यातून नाही."

"कशातूनही जाऊ दे. पोचला म्हणजे झालं."

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. आमचा सोमेश्वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच माळावर. देवळाचे गुरव माझे बाबा, आणि देवळामागचं दोन खोल्यांचं घर गुरवकीबरोबर मिळालेलं. पायऱ्या उतरून खाली आलं की देवस्थान समितीचं मातृनिवास. ज्यांचं कुणी उरलं नाही, किंवा उरून उपयोग नाही, अशा म्हाताऱ्या बायका तिथं राहत. संसार मोडून मी माहेरी परत आले तेव्हा समितीनं मला त्यांचं करायला ठेवलं. सकाळी उतरायचं, दिवेलागण झाली की चढायचं.

त्या बायकांना पायऱ्या चढवत नसत. म्हणून फार पूर्वी कुणीतरी देवळापासून मातृनिवासापर्यंत तांब्याची तार ओढली होती. वर पिंडीजवळ माईक, खाली दालनात भिंतीवर स्पीकर. तार विजेच्या खांबांवरूनच आणलेली, त्यामुळे आवाजाबरोबर तिच्यातून सतत एक घुमणं यायचं. घूंऽऽ, घूंऽऽ. गावातला पाण्याचा पंप चालू झाला की ते वाढायचं. त्या घुमण्याच्या वर जेवढं उठेल तेवढं ऐकू यायचं: घंटा, शंख, आरती. बाकी सगळं त्यात बुडालेलं. आमच्या गोदूबाई त्या घुमण्यालाच हात जोडायच्या. त्यांच्या मते तो ओंकार होता.

त्याआधीच्या पावसाळ्यात सड्यावर वीज पडली, ती तारेवरून थेट खाली आली आणि गोदूबाईंच्या खाटेच्या वर भिंतीवर असलेला स्पीकर फुटला. गोदूबाई दोन दिवस म्हणत होत्या, ओंकार रागावला. समितीचे कार्यवाह अण्णा केळुसकर मात्र घाबरले. कुणी म्हातारी दगावली असती तर समितीचं नाव खराब झालं असतं. त्यांनी टेलिफोनच्या कामावर राबलेल्या इनासला गाठलं.

इनासनं मला तार दाखवली. पिवळ्या वेष्टणाच्या आत केसासारखा बारीक काचेचा धागा.

"यातून वीज जात नाही ताई. म्हणून वीज पडायचीही भीती नाही, आणि खांबावरचं घुमणंही यात शिरणार नाही. नुसता उजेड जातो."

"आणि आवाज?"

"उजेडच आवाज. वर बोलणं मोठं झालं की उजेड वाढतो, हळू झालं की कमी होतो. खालची डबी तो उजेड बघते आणि जसाच्या तसा आवाज परत करते. टाचणी पडली तर टाचणी ऐकाल."

बाबा पिंडीवरचं निर्माल्य उचलत होते. ते मान वळवून म्हणाले, "टाचणी?"

"टाचणी, काका."

मी पानं ताम्हनात ठेवली आणि खाली निघाले.

त्या दुपारी तार जोडली गेली. एरवी जेवणं झाली की बायका लवंडत, आणि मी स्पीकरखाली पाट टाकून माळ ओढायला बसे. दिवसाच्या माझ्या नेमातला तो दुसरा जप. पहिला पहाटे, तोंडात पाणी घालायच्या आधी. बाबा पूजेला जात तेव्हा मी घरात देव्हाऱ्याकडे तोंड करून, भिंतीकडे पाहत बसलेली असे. सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन. आणि खोटं न बोलणं, हा नेम रोजचा. या नेमांवर मी उभी होते. लोक म्हणत, गिरिजा फार शांत आहे. मला ते आवडत असे.

स्पीकर लागला आणि दालनात एकदम इतकी शांतता झाली की गोदूबाई उठून बसल्या.

"बिघडला काय गो?"

"नाही गोदूबाई. घुमणं गेलं."

"ओंकार गेला?"

"थांबा जरा," पलीकडच्या खाटेवरून आक्का म्हणाल्या.

आक्का पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावरच, पण त्यांनी थांबा म्हटलं की सगळं दालन थांबायचं. आम्ही ऐकत राहिलो. आणि मग ते आलं. टप्. थोडा वेळ काहीच नाही. टप्.

"हे काय?" गोदूबाई कुजबुजल्या.

"अभिषेकपात्र," मी म्हटलं. "पिंडीवर पाणी ठिबकतंय."

पिंडीवर टांगलेल्या त्या तांब्याच्या भांड्यातलं पाणी वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं पडत होतं, आणि खाली कुणी ते कधी ऐकलं नव्हतं. आक्कांनी डोळे मिटले. त्यांच्या कानशिलावरून ओघळ आला तो मी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. एकेक करून सगळ्या निजल्या. मी माळ हातात घेतली.

जप अर्ध्यावर आला असेल. स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला. मग बाबांचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"सोमेश्वरा, आज बेल तुझ्यावर पडला की खाली, ते चाचपून बघावं लागलं. कालपरवापर्यंत तुझी सावली तरी दिसत होती."

माझं बोट मण्यावर थांबलं.

"माणसं आवाजावरून ओळखतो. पायऱ्या पायाला पाठ आहेत. किती दिवस चालेल असं?"

मग नुसते थेंब.

मी उठून स्पीकरचं बटण फिरवलं, आवाज बारीक केला, आणि पुन्हा पाटावर बसले. जप मात्र पुढं सरकेना. बाबांनी वर्तमानपत्र सोडलं होतं. चष्म्याची काडी मोडली म्हणाले होते. सुईत दोरा मला ओवायला लावत होते. परवा त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला तो भुवईवर लागला होता, आणि मी तो पुसून नीट लावून घेतला होता. एका घरात, एका चुलीवरचं जेवत होतो आम्ही. रोज पहाटे मी देवाकडे त्यांचं आरोग्य मागत होते, त्यांच्याकडे पाठ करून.

संध्याकाळी घरी गेले. पानं वाढली.

"खाली आवाज कसा येतो?" बाबांनी विचारलं.

"स्वच्छ येतो."

"सगळं येतं?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "घंटा येते. अभिषेकाच्या पाण्याचा थेंबसुद्धा येतो, बाबा."

"थेंबसुद्धा," ते म्हणाले. हातातला घास तसाच होता. "आणि?"

"भात वाढू?"

घास पानात परत ठेवून ते म्हणाले, "वाढ."

मी तेव्हा असा विचार केला, की ते देवाशी बोलणं आहे. बापाचं देवाजवळचं बोलणं चोरून ऐकलं, एवढीच माझ्या मनाला लाज. ते त्यांना कळलं तर त्यांना त्याहून मोठी लाज. म्हणून आपण ऐकलंच नाही असं वागायचं. यात मला फार शहाणपण वाटलं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा. बटण बारीकच ठेवलं होतं, पण काचेची तार घुमण्याआड काही लपवत नाही. बारीक आवाजही अख्खा येतो.

"कणकवलीचा डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर मागं यायची नाही. आहे तेवढी सांभाळा म्हणाला. घरात वाती आणायला जातो असं सांगून गेलो होतो मी. वाती आणल्याही."

वाती आणल्या होत्या खऱ्या. चांगल्या आहेत असं मी म्हटलंही होतं.

आणि तिसऱ्या दुपारी:

"शिवरात्र आली. पालखीपुढं पंचारती घेऊन पायऱ्या उतरायच्या, सगळ्या गावादेखत. कुणी नुसतं शेजारून चाललं तर निभेल माझं. पण सांगू कुणाला? समितीला कळलं तर पूजेची पाळी चुलत्याच्या घरात जाईल, आणि पाळीबरोबर हे घर. एक घर मोडून आली आहे ती. दुसरं मी कसं मोडू? तिला समोर बसवून सांगायला जीभ उचलत नाही रे."

माळ माझ्या मांडीवर पडली. उचलायला वाकले तर आक्का डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"झोपला नाहीत, आक्का?"

"पहिल्या दिवसापासून झोपले नाही."

"आणखी कुणी..."

"मला ऐकू कमी येतं हे खरं," गोदूबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "पण एवढं कमी नाही गो."

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी पदर तोंडाला लावला.

"त्याच्याशी बोललीस?" आक्कांनी विचारलं.

"कसं बोलू? आपण ऐकलंय हे कळलं तर ते मान वर करायचे नाहीत. देवाला सांगतात ते. आपण ऐकायलाच नको होतं."

"मग तार बंद कर."

"ती बंद करायची नाही म्हणून त्यांनीच सांगितलंय."

"त्यानं सांगितलंय?" आक्कांनी काहीतरी विचार केला, पण बोलल्या एवढंच, "बघ बाई. तुझा बाप आहे."

पुढचे दिवस मी आणखी शांत झाले. घरात बाबांच्या हाताला तांब्या लागेल असा ठेवू लागले, उंबऱ्यात काही पडू देईना, पण तोंडानं एक अक्षर नाही. ते रोज जेवताना विचारत, "आज खाली काय विशेष?" आणि मी म्हणे, "काही नाही बाबा." त्यालाही मी खोटं समजत नव्हते. विशेष म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

शिवरात्रीच्या आधीचा सोमवार. माझं मौन. जेवणं उरकून बायका लवंडल्या होत्या आणि मी पाट टाकत होते, तोच अंगणात मोटारसायकल वाजली. अण्णा केळुसकर, मागच्या सीटवर इनास. येणार म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

"काय गिरिजाबाई, काय म्हणते तुमची काचेची तार?"

मी हात जोडले.

"सोमवार आहे अण्णा," गोदूबाई उठून बसत म्हणाल्या. "आज ती देवाशीच बोलते. आम्हालाही भांडता येत नाही. तुम्ही उद्या या."

"उद्या मला ओरोसला जायचंय. इनास, लाव बघू मोठा. एवढा खर्च केला तो कानानं तरी बघू."

अण्णांनी खुर्ची ओढली आणि बरोबर स्पीकरखाली बसले. मी घड्याळाकडे पाहिलं. इनासनं बटण फिरवलं. दालनभर थेंब पडू लागले.

"वा," अण्णा म्हणाले. "वा, वा. गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटतं."

टप्. टप्. मी मनात म्हणत होते, आज नको. आज नको. स्पीकरमध्ये पाट सरकल्याचा आवाज झाला. घसा खाकरला.

"सोमेश्वरा..."

"नमः शिवाय!" आक्का अंथरुणातून म्हणाल्या.

शाळेचं मैदान पलीकडच्या टोकापर्यंत शांत करणारा आवाज होता तो. मी दचकले. गोदूबाईंनी लगेच टाळी धरली, "नमः शिवाय, नमः शिवाय," आणि मग एकेका खाटेवरून सगळ्या. दातांच्या, बिनदातांच्या, कुणाचा सूर कुठं आणि कुणाची टाळी कुठं. जिला उठता येत नव्हतं तिनं खाटेच्या दांडीवर ताटली वाजवायला घेतली. बाबांचा आवाज त्यात बुडाला.

"अहो, जरा थांबा," अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "गुरव काहीतरी म्हणतोय वाटतं."

"आमच्या नामाची वेळ आहे अण्णा," आक्का म्हणाल्या. टाळी थांबली नव्हती. "तार आमच्यासाठीच ओढली ना?"

"या वेळी तुम्ही झोपता ना पण?"

"सोमवारी नाही झोपत."

"होय काय गिरिजाबाई? मौन असलं तरी मान हलवायला हरकत नसेल."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि नाम चालू होतं. नुसती मान खाली-वर करायची होती. मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. ते होय म्हणून घ्यायचं की नाही म्हणून, ते मी अण्णांवर सोडलं.

"आणि गुरव काय पुटपुटत होता?"

"स्तोत्र म्हणतो," आक्का म्हणाल्या. "रोज दुपारी म्हणतो. चांगलं म्हणतो."

अण्णांनी आणखी थोडा वेळ कान दिला, मग रुमालानं मान पुसत उठले. "तार उत्तम आहे. तुमच्यापुढं मात्र तिचं काही चालायचं नाही." दारातून ते मला म्हणाले, "तुमच्या नेमाचं कौतुक आहे हो गिरिजाबाई. असं माणूस समितीला मिळणं कठीण."

मोटारसायकल गेली. इनास मागं राहिला. त्याला जुनी तांब्याची तार गुंडाळून न्यायची होती. दालनात सगळ्या धापा टाकत होत्या. मी आक्कांना टेकवलं, पाणी पाजलं.

"पोरांनी एक खोटं सांगितलं तर पट्टी द्यायचे मी," त्या म्हणाल्या. "आज एका दमात तीन."

मी काही बोलू शकत नव्हते. माझे दोन्ही नेम शाबूत होते. मौन मोडलं नव्हतं, खोटं बोलले नव्हते. माझ्या बापासाठी खोटं बोलली होती ती खाटेवरची परकी बाई, आणि कौतुक झालं ते माझं. त्या सोमवारनंतर मी मौनाचा नेम धरलेला नाही.

तोंड धुवायला मी मागच्या पडवीत गेले. इनास तारेचं वेटोळं खांद्यावर टाकत होता. मला बघून त्यानं ते पुन्हा खाली ठेवलं.

"ताई, एक सांगू? तुम्ही बोलू नका, ऐका नुसतं. बायकांनी नाम का सुरू केलं ते कळलं मला. टेस्टिंगला आलो तेव्हा एकदा थोडं कानावर पडलं होतं. मी कुणाकडे बोललो नाही, बोलणार नाही."

मी हात जोडले.

"पण काकांपासून कशाला लपवताय? त्यांना ठाऊक आहे."

मी एक पाऊल पुढं आले.

"तार जोडली त्या दिवशी तुम्ही खाली उतरलात. तुमची पावलं वाजेनाशी झाल्यावर त्यांनी विचारलं, इनास, माणूस हळू बोललं तर? म्हटलं, कुजबुजलात तरी जाईल. मग म्हणाले, दुपारी? मी हसलो. म्हटलं काका, काचेला दुपार काय आणि संध्याकाळ काय. तर म्हणाले, तसं नाही. दुपारी बायका निजतात. माझी मुलगी तेवढी स्पीकरखाली जपाला बसलेली असते." इनासनं तारेच्या वेटोळ्यावरची माती बोटानं खरवडली. "मग म्हणाले, माईक जरा माझ्या पाटाजवळ सरकव. मी सरकवला. मला वाटलं, बापलेकीचं काहीतरी ठरलेलं असेल."

पडवीच्या खांबाला मी हात लावला. इनास बिचारा गोंधळून गेला. "माझं काही चुकलं काय, ताई?"

मी मान हलवली. या वेळी ती हलली.

आणि भात वाढू का, असं मी त्यांना विचारलं होतं. "आणि?" असं ते म्हणाले होते, आणि घास हातात धरून थांबले होते. मग रोज जेवताना, आज खाली काय विशेष? रोज दुपारी वर बसून त्यांनी मला सांगायचं, आणि रोज संध्याकाळी मी समोर बसून म्हणायचं, काही नाही बाबा. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल? मुलीनं ऐकलं, आणि तिला हे नको आहे. तरी दुसऱ्या दुपारी ते पुन्हा पाटावर बसत होते.

"इनास," खिडकीतून आक्कांचा आवाज आला. त्यांची खाट खिडकीला लागूनच होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "खालून वर काही सांगायचं असेल तर या तारेवरून जातं का रे?"

"नाही जात आक्का. तांब्यावर जमायचं. टोकं बदलली की स्पीकरमध्येच बोलायचं, वर ऐकू यायचं. दुरुस्तीच्या वेळी मी आणि काका बोलायचो तसे. ही एकाच बाजूनं येते. वरची डबी उजेड पाठवते, खालची बघते. उलट जायचं तर दुसरी तार, दुसऱ्या डब्या."

"म्हणजे चालत जावं लागेल."

"हो, तसंच," इनास म्हणाला, आणि वेटोळं खांद्यावर घेऊन निघून गेला.

"गिरिजा, आत ये."

मी खाटेजवळ गेले. आक्कांनी मला बसू दिलं नाही.

"जा आत्ता. गेल्यावर कधीपासून, किती दिसतं, मला आधी का नाही सांगितलं, यातलं काही विचारायचं नाही. मला माफ करा, असंही म्हणायचं नाही. मग तोच तुझी समजूत घालत बसेल. रडायचं असेल तर इथं रडून जा. वर गेल्यावर शेजारून चालायचं. आज, उद्या, शिवरात्रीला, आणि नंतरही. गाव काही म्हणालं तर मुलगी बापाबरोबर चालते, एवढंच गावाला दिसेल. कबूल?"

मी होकार दिला.

"तसं नाही. हात दे."

मी हात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट दाबला, आणि लहान मुलाला वर्गाबाहेर पाठवावं तसा सोडला.

"आणि आम्ही?" गोदूबाई म्हणाल्या. "आमचा चहा?"

"आज चुकला तर मरत नाहीस," आक्का म्हणाल्या.

"मरत नाही, पण विचारायला नको?"

कुणीतरी हसलं. मी तोंडावर पाण्याचा हात फिरवला. जप अर्धा राहिला होता. माळ गोमुखीत घालून मी ती खुंटीला अडकवली आणि बाहेर पडले. फाटकाची कडी वाजू न देता लावली.

ऊन अजून उतरलं नव्हतं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पंचारती उजव्या हातात असते, तेव्हा शेजारी चालणाऱ्यानं डाव्या अंगाला राहायला हवं. मी पदर खोचला आणि पायऱ्यांच्या एका कडेनं, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून, चढायला लागले.